तिसऱ्या ओळीतली फुलं

"काका, तिसऱ्या ओळीत फक्त नऊ गळलीत," म्हणत मॅडम गुडघे झाडत उठल्या. वयाने त्या काकांच्या धाकट्या लेकीएवढ्या. पण संशोधन केंद्रात त्या मॅडम आणि काचघरात पाणी घालणारे हे काका.

बाकीच्या ओळींत चाळिसाच्या घरात फुलं पडली होती. काचघर मुद्दाम भट्टीसारखं तापवलेलं. एवढ्या उष्म्यात टोमॅटो फुलं टाकून मोकळा होतो, फळ धरतच नाही. तिसऱ्या ओळीत मॅडमनी रानटी टोमॅटोतला एक जनुक आणला होता. तो झाडांना उष्णता सोसायचं बळ देईल, ही त्यांची दोन वर्षांची आशा. उद्या मोठ्या साहेबांपुढे त्या हा आकडा मांडणार होत्या.

काकांनी मात्र कोपऱ्यातल्या केरसुणीकडे पाहिलं. तिसरी ओळ दारालगतची. येणाऱ्या-जाणाऱ्याला कचरा दिसू नये म्हणून ते रोज सकाळी तेवढाच पट्टा झाडून घेत. मोजायची फुलं त्यांनीच आठवडाभर केराच्या टोपलीत टाकली होती. निवृत्तीला महिना उरलेला. मूग गिळून बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण मॅडमचं ते हसू त्यांना बघवेना.

"मॅडम, तिथं मी रोज झाडतो," ते म्हणाले.

मॅडम मटकन उलट्या बादलीवर बसल्या. यापेक्षा चार शिव्या परवडल्या, असं काकांना झालं. मग काकांनीच चाचरत सांगितलं, की फूल गळतं तिथं देठाचा बारीक खुंट उरतो. ते खुंट मोजता येतील.

आधी दुसऱ्या ओळीत खुंट आणि पडलेली फुलं यांचा ताळा पाहिला, तो जुळला. मग दोघं घामाने निथळत दुपारभर तिसऱ्या ओळीत झाडाझाडापाशी बसले. खुंट भरले सत्तावीस. नऊच्या तोऱ्यापुढे सत्तावीस जरा गरीबच दिसत होते, पण ते झाडांनी स्वतः कमावलेले होते. काकांना फार बरं वाटलं.

"उद्या चूकही सांगावी लागेल," मॅडम म्हणाल्या.

"सांगा की. माझं नाव घ्या."

मॅडमनी वहीतला नऊ खोडून सत्तावीस लिहिला. 'मोजणी करणारे' या रकान्यात आपलं नाव घातलं आणि वही काकांपुढे सरकवली. तीस वर्षांत काकांनी त्या वहीत पाणी घातल्याच्या खुणांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. त्यांनी शर्टाला हात पुसले आणि सावकाश, वडिलांच्या नावासकट, पूर्ण नाव लिहिलं.