पंच क्रमांक दोन

ठाण्यासमोर राजानंदची चहाची टपरी आहे, आणि म्हणूनच आमच्या भागातल्या निम्म्या पंचनाम्यांवर पंच म्हणून राजानंदची सही आहे. हवालदाराला साक्षीदार शोधत हिंडायचा कंटाळा, राजानंदला ठाण्याशी बिघडवायची भीती. स्टोव्हजवळून न हलता या माणसाने कागदोपत्री सोळा प्रेतं, चार चोऱ्या आणि एक जळालेली कडब्याची गंजी पाहिली. मी शाळेतला जुना क्लार्क. कोण कशावर सही करतो, हे माझ्या ध्यानात बरोबर राहतं.

म्हणूनच सगुणाबाई मला शिष्यवृत्तीच्या निवडीला शेजारी बसवतात. त्यांची लेक शालू बारा वर्षांपूर्वी सासरी विहिरीत गेली. माय पोचायच्या आधीच सासरच्यांनी अग्नी दिला. पंचनामा म्हणतो, पाय घसरला. शालूच्या वाट्याच्या दोन एकर उसावर आता दरवर्षी गुन्हेशास्त्र शिकणाऱ्या एका पोराची फी निघते. अट एकच. बाई पंचनाम्याची नक्कल पुढे सरकवतात आणि म्हणतात, "यातलं खोटं सांग." मागच्या साली सूरज नावाच्या पोराने चपलांचा मुद्दा काढला, पाय घसरला तर चपला काठावर जोडीने कशा, आणि शिष्यवृत्ती नेली. मी त्याला म्हटलं होतं, चपला तर दरसाल सापडतात.

या साली साक्षी आली. राजानंदची लेक. फॉरेन्सिकला नंबर लागलेला, फी परवापर्यंत भरायची, नाहीतर जागा जाणार. बाप बाहेर लिंबाखाली बसला. खिडकी उघडी होती.

पोरीने कागद वाचला. दुसऱ्या पानावर, तळाशी, थांबली. मला माहीत होतं कुठे थांबली ते. मनात म्हटलं, पोरी, चपला सांग आणि सूट.

"आजी, यातला दुसरा पंच तिथं नव्हता."

"तुला काय म्हाईत?"

"ते माझे पप्पा हायेत. हा पंचनामा दसऱ्याचा हाय. त्या दिवशी आम्ही नागपूरला होतो. दीक्षाभूमीवर मी त्यांच्या खांद्यावर बसल्ते. टपरी चार दिवस बंद राहणार म्हणून पप्पा दोन कोऱ्या कागदांवर सह्या करून ठाण्यात ठेवून गेल्ते."

सगुणाबाईंनी नक्कल ओढून दुसऱ्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. आत कुठेतरी नळ ठिबकत होता.

"पहिला पंच राधेश्याम. तो तर वारला," त्या म्हणाल्या. "मंग राजानंदनं मला चेहरा कसा सांगितला?"

हे मला नवीन होतं. तेराव्यानंतर बाई टपरीवर गेल्या होत्या. लेक कशी दिसत होती, एवढंच विचारलं होतं. राजानंद म्हणाला होता, झोपल्यावानी होती, सगुणामाय, कपाळावर आठी न्हवती.

"बारा वर्सं मी डोळे मिटले की तीच दिसती," बाई म्हणाल्या. "झोपलेली. तेवढ्यावरच मला झोप लागती."

साक्षीने मान खाली घातली. "मला माफ करा, आजी. पण तुम्ही खोटं काय ते विचारलं."

"विचारलं. बराबर सांगितलंस." त्यांनी अर्ज ओढला, सही केली, माझ्याकडे सरकवला. "भागवतराव, हिचं नाव लिहा. फी उद्याच भरा."

मग त्या उठल्या आणि बाहेर गेल्या. आम्ही दोघं दारापर्यंत. राजानंद उभा राहिला. त्याने सगळं ऐकलं होतं, तोंडावरून कळत होतं.

"राजानंद, पुन्हा सांग. कशी होती ती?"

"सगुणामाय, पोरीनं सांगितलं ते खरं हाय. मी गेल्तो न्हाई."

"ते ऐकलं मी."

त्याने लेकीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "पन ती मला दिसती. तुम्ही येऊन गेल्यापासून. बाकीचे पंधरा मुर्दे कधी आले न्हाईत, ती एकटीच येती. सकाळी शटर उघडलं की बाकावर बसलेली असती. केस ओले असत्यात. बोलत न्हाई."

"पप्पा," साक्षी म्हणाली.

सगुणाबाई लिंबाच्या बुडाशी, राजानंदच्या शेजारी, जमिनीवर बसल्या. पदर सारखा केला.

"साडी कोन्ती असती?" त्यांनी विचारलं.