ओमेलाउची नवी होडी

मित्रांनो, मी एक जुने लाकडी भांडे आहे. होडीत शिरलेले पाणी उपसून समुद्राला परत करायचे, एवढेच माझे काम. तरी पलाउ बेटांवरच्या आमच्या गावातली एक म्हण माझ्यामुळे जन्माला आली.

ओमेलाउने मला स्वतः कोरले आणि नवी होडीही स्वतःच घडवली. ती इतकी देखणी झाली की त्याला आभाळ ठेंगणे झाले. मुखियाच्या मेजवानीसाठी मासे आणायला तो निघाला, तेव्हा बहिणीने मला पुढे केले.

"दादा, हे राहिलं की!"

"गळायला ती काय तुझ्या नवऱ्याची होडी आहे?" तो हसला आणि मी किनाऱ्यावरच राहिले.

होडी गळली नाहीच. प्रवाळाच्या खडकांपाशी लाटच वरून आत आली. ओंजळीने किती उपसणार? बहीण बांबूचा तराफा हाकत मला घेऊन पोचली, तेव्हा मासे वाहून गेले होते आणि ओमेलाउ बुडत्या होडीला लोंबकळत होता.

दुपारी सभाघरात पान चघळणारे म्हातारे पोट धरून हसले. "ओमेलाउची नवी होडी!" एकजण म्हणाला. मला कोरायला महिना लागला होता. म्हण एका श्वासात घडली. मी थक्क झाले.

"हसा हवं तेवढं, पण माझं नाव तेवढं गाळा," ओमेलाउ काकुळतीला आला.

"नाव गाळलं तर म्हणीला बूड राहील का, बाबा?" मुखिया म्हणाला.

चाळीस वर्षे कुणी तोरा मिरवला की गाव तेच म्हणे. ओमेलाउने मात्र ते शब्द कधी उच्चारले नाहीत. मला त्याने छपराखाली टांगले. तिथे दुपारचे ऊन लागून मला चीर गेली.

परवा त्याची नात एबिल इंजिनाची कोरी बोट घेऊन निघाली. "आजोबा, हिला पंप आहे. ते लाकूड कशाला?"

म्हाताऱ्याने मला तिच्यापुढेच धरून ठेवले. "ओमेलाउची नवी होडी," तो म्हणाला.

धक्क्यावर कुणीही हसले नाही. एबिलने मला त्याच्या हातून घेतले.

भर समुद्रात लाट आत आली आणि पंप बंद पडला. माझ्या चिरेतून निम्मे पाणी परत गळत होते, तरी उपसत उपसत पोरगी घरी आली. ओमेलाउने मला मांडीवर घेतले आणि झाडाच्या चिकाने चीर बुजवायला बसला.

मित्रांनो, माझ्यासारख्या भांड्यांना सावलीत ठेवा, एवढे पुरे. म्हणी जपायच्या तर मात्र त्या बोला, आपले नाव त्यात असले तरी.