दोन दिवस बंद करून बघा

आपण डॉक्टर नाही, हे तिचं शिंपीकाकांना चारदा सांगून झालं होतं. "माहीत आहे गं," ते म्हणायचे आणि पुढच्याच वाक्याला पुन्हा "डॉक्टरीणबाई" अशी हाक मारायचे.

ती वैद्यकीय कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. पूर्वी पहिलं वर्ष म्हणजे हाडं, प्रेतं आणि जाडजूड पुस्तकं. जिवंत रोगी दिसायचा तो पुढे केव्हातरी. यंदा अभ्यासक्रम बदलला. प्रत्येक विद्यार्थ्याला शहरातलं एक घर नेमून दिलं. शिक्षण संपेपर्यंत महिन्यातून दोनदा त्या घरी जायचं. माणसं कशी आजारी पडतात, गोळ्या कुठे ठेवतात, कशाला घाबरतात ते वहीत लिहायचं. हे सगळं बघणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बघा, ऐका, लिहा. सल्ला द्यायचा नाही. जीभ वळवळायला लागली की दाताखाली धरा."

तिच्या वाट्याला आलेल्या घरात दोनच माणसं. पुढे शिवणाचं दुकान, मागे दोन खोल्या. काका कापायचे आणि शिवायचे, काकू काज-बटणं करायच्या. तीन वर्षांपूर्वी काकांना हृदयाचा झटका येऊन गेला होता. तेव्हापासून सकाळी उठल्यावर एक पांढरी गोळी.

तिसऱ्या खेपेला काका म्हणाले, "मशीनवरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते."

तिने दंडाला पट्टा गुंडाळला. रक्तदाब मोजायला ती नऊच दिवसांपूर्वी शिकली होती. दाब कमी होता. काकूंनी हातातली सुई थांबवली. दोघंही तिच्या तोंडाकडे बघत राहिली. असं तिच्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. घरी तिला कुणी भाजी चिरतानासुद्धा धड विचारत नसे.

"या गोळीनेच दाब उतरत असेल," ती म्हणाली. "दोन दिवस बंद करून बघा."

अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. वहीत तिने आकडे लिहिले. हे वाक्य मात्र लिहिलं नाही.

त्यानंतर आठवड्याभराने औषधांचा तास होता. सर हृदयाच्या गोळ्यांबद्दल सांगत होते. त्यांनी एक नाव फळ्यावर लिहिलं. काकांच्या पाकिटावर तेच नाव होतं.

"ही गोळी एकदम सोडायची नसते," सर म्हणाले. "आधी झटका येऊन गेलेल्या माणसाने तर नाहीच नाही. आवरून धरलेला घोडा लगाम तुटल्यावर उधळतो, तसं हृदय उधळतं. माणूस दगावू शकतो."

पुढचं तिला काही ऐकू आलं नाही. बाहेर येऊन तिने काकांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. दोनच दिवस म्हणाले होते मी, तिने स्वतःला समजावलं, दोन दिवसांनी त्यांनी सुरू केली असेल. पण मग फोन का उचलत नाहीत?

ती धावतपळत त्या गल्लीत पोचली. दुपारची वेळ, सगळी दुकानं उघडी. एक तेवढं बंद. दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. ढकलून बघितलं तर मशीनखाली अर्धी बाही लोंबत होती, टाका मध्येच तुटला होता आणि एक चप्पल उलटी पडली होती.

"सकाळी नेलं त्यांना," शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला. "छातीवर हात धरून खालीच बसले. मोठ्या दवाखान्यात असतील. तुम्ही त्यांच्या डॉक्टर ना?"

तिची मान तेवढी हलली. हो की नाही, तिलाच कळलं नाही.

मोठा दवाखाना म्हणजे तिच्याच कॉलेजचा. तातडीच्या वॉर्डात शेवटच्या पडद्याआड काका होते. नाकाला नळी, छातीला तारा, चेहरा मेणासारखा. पायाशी काकू, पिशवी उराशी धरून. एक तरुण डॉक्टर कागदावर लिहीत होता.

"गोळी रोज घेत होतात ना?"

काकांची नजर पडद्याजवळ उभ्या असलेल्या तिच्यावर गेली. "रोज," ते म्हणाले. "एक दिवस चुकवली नाही."

काकूंनी मान खाली घातली.

"मग हे असं का व्हावं?" डॉक्टर पुटपुटला. "गोळी चालू असतानाही ठोके इतके जास्त? भलतंच काहीतरी दिसतंय. वेगळा विचार करायला हवा."

म्हातारा तिला पाठीशी घालत होता. गप्प राहिलं तर कुणालाच कळणार नव्हतं. बोललं तर कॉलेज, आईबाबांचा विश्वास, सगळंच गेलं. आणि गप्प राहिलं तर हा डॉक्टर खोट्या उत्तरावर उपचार करणार होता. यंत्रावरचा आकडा एकशे तीसवरून एकशे अडतीसवर गेला.

"घेत नव्हते," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की तिला पुन्हा सांगावं लागलं. "गोळी बंद होती. मी बंद करायला सांगितली. मी पहिल्या वर्षाला आहे."

डॉक्टर काकांकडे वळून म्हणाला, "किती दिवस?"

"आठ," काका म्हणाले. "बरं वाटलं, म्हणून घेतलीच नाही. पोरीला काही बोलू नका हो."

"तुम्ही बोलू नका आता," डॉक्टर म्हणाला आणि नर्सला हाक मारून भराभर सूचना देऊ लागला. तिला कुणीतरी बाजूला सारलं. ती भिंतीला टेकली. शेवटी ती खालीच बसली.

संध्याकाळपर्यंत ठोके उतरले. काका वाचले, हृदयाचा थोडा भाग मात्र कायमचा दुबळा झाला.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी वही मागितली, त्या दिवसाचं पान काढलं आणि म्हणाल्या, "इथे काय नाही, ते लिही." तिने ते वाक्य लिहिलं. मग वर्गापुढे उभं राहून वाचलं. तीन महिने तिचं काकांच्या घरी जाणं बंद झालं. घर बदलून द्या, असं तिने विनवलं, पण मॅडम म्हणाल्या, "हेच घर. त्यांनी नको म्हटलं तरच बदलेन."

त्यांनी नको म्हटलं नाही. तीन महिन्यांनी ती दारात उभी राहिली. काका बारीक झाले होते. मशीनवर आता काकू बसत होत्या. त्यांनी वर बघितलं, "ये" म्हटलं नाही, पण स्टुलावरचं कापड उचललं.

काकांनी नवं पाकीट तिच्यापुढे धरलं. "डॉक्टरीणबाई, ही घेतली की रात्री पाय सुजतात. काय करू?"

काकूंचं मशीन थांबलं.

"मला माहीत नाही, काका," ती म्हणाली. "आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात चला. तोवर काहीही बंद करू नका."

काकू उठल्या आणि त्यांनी खुंटीवरची काकांची टोपी काढून आणली.