अंगदचा कोयता आणि वैष्णवीचं पाकीट

अहो, जरा दमानं! झाकण असं आपटू नका, माझ्या बिजागऱ्या आता तरण्याताठ्या राहिल्या नाहीत. मी पत्र्याची पेटी बोलतेय. आज माझा प्रवास आहे, जीप दारात उभी आहे. तेवढ्यात माझी गोष्ट सांगून घेते.

शिरूर कासारच्या आठवडी बाजारात एका कारागिरानं मला ठोकून ठोकून घडवलं. धोंडीराम मुकादमानं लग्नाच्या वर्षी मला विकत घेतलं, हिरवा रंग दिला आणि झाकणावर पांढऱ्या अक्षरांत स्वतःचं नाव काढून घेतलं. मुकादम म्हणजे ऊसतोडीला माणसं नेणारा. दसरा झाला की वीसेक नवरा-बायकोच्या जोड्या घेऊन तो कारखान्यावर निघायचा आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मीही. पीठ, मीठ, त्याच्या बायकोची, वत्सलाबाईची लुगडी, सगळं माझ्या पोटात. त्यांची लेक वैष्णवी तर माझ्याच पाठीवर वही ठेवून अक्षरं गिरवायला शिकली. शाई सांडली की फ्रॉकनं मला पुसायची आणि मग आईचा मार खायची.

ही पोरगी विमान चालवायला शिकायला गेली, तेव्हा सोबत मीच होते. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, उरलेलं बापानं घातलं. वसतिगृहात बाकीच्यांच्या बॅगांना चाकं! मला बघून पोरी खुदकन हसल्या. हसा म्हटलं. आठ दिवसांत त्याच पोरी माझ्यावर बसून वत्सलाबाईची शेंगदाण्याची चटणी बोटानं चाटत होत्या.

पुढं वैष्णवीला एका छोट्या विमान कंपनीत नोकरी लागली. लहान विमानं, लहान गावं. तिच्या भाड्याच्या खोलीत मी पलंगाखाली मावेना, म्हणून तिनं मला गावी पाठवलं. रुसले मी थोडी. पण इथं काम मिळालं. ऊसतोड संपवून माणसं घरी आली की आपापले कोयते मुकादमाकडे ठेवून जायची. तेल लावलेले, फडक्यात गुंडाळलेले ते कोयते आता माझ्यात राहू लागले.

मागच्या दसऱ्याला चार-पाच दिवस होते. टोळीतला अंगद दारात आला.

"मुकादम, माझा कोयता द्या. औंदा मी उमापूरच्या मुकादमाकडं चाललोय. त्यो जास्ती देतोय."

अंगद दहा वर्षं धोंडीरामाच्या टोळीत होता. या साली त्यानं उचल, म्हणजे हंगामाआधीचे पैसे, घेतली नव्हती. जायला मोकळा होता. पण धोंडीरामाचा पारा चढला.

"धा वर्सं भावासारखं ठिवलं, अन् आता दुसऱ्याची वाट धरतोस व्हय बे? न्हाई मिळत कोयता, जा!"

आणि मला कुलूप! नवा कोयता बाजारात मिळाला असता हो, पण या कोयत्याची मूठ अंगदच्या बापाच्या हातानं झिजलेली होती. अंगद माझ्या कुलपाकडे बघून निघून गेला. मला मेलीला इतकी लाज वाटली! दुसऱ्याची वस्तू पोटात दाबून बसायचं, हे काय जिणं झालं?

दोन दिवसांनी वैष्णवी सुट्टीला आली. दुपारी बाप बाहेर गेला, तेव्हा आईकडून किल्ली घेऊन तिनं मला उघडलं. तिच्या हातात पत्राचं एक पाकीट होतं.

"आई, दुसरी कंपनी मला जवळजवळ दुप्पट पगार देतेय. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. आमच्यातले निम्मे पायलट गेले तिकडे. माणसं नाहीत म्हणून आमची विमानं रद्द होतात. पण आबांनी हो म्हटल्याशिवाय मी सही करणार नाही."

"मंग सांग की त्यान्ला."

"कशी सांगू? आल्यापासून ऐकतेय, अंगदकाकांना शिव्या चालू आहेत. मी तरी दुसरं काय करणार आहे?"

तिनं पाकीट अंगदच्या कोयत्याशेजारी ठेवलं आणि झाकण लावलं. सोमवार दोन दिवसांवर आला होता.

रविवारी जेवताना धोंडीरामाची गाडी पुन्हा तिथंच. "अंगद बेइमान निघाला."

वैष्णवी ताटावरून उठली. तिनं मला उघडलं, अंगदचा कोयता आणि पाकीट दोन्ही काढलं आणि बापाच्या पुढ्यात ठेवलं.

"मग मीही बेइमान, आबा." आणि तिनं सगळं सांगितलं.

धोंडीरामाचा घास हातातच राहिला. "कावून? हाय ती कंपनी वंगाळ हाय का?"

"नाही आबा. माणसं चांगली आहेत. पण त्याच कामाचे तिकडे दुप्पट मिळतात."

तेव्हा वत्सलाबाई बोलली. इतक्या वर्षांत तिला असं बोलताना मी ऐकलं नव्हतं. "मी कोयता धरत व्हते तवा हात सोलून निघायचे. जास्ती देनाऱ्याकडं जावं असं मला वाटलं नसंल व्हय? मुकादमाची बायकू म्हनून गप ऱ्हायले. आता लेकीनं जावं अन् अंगदनं जाऊ न्हाई, ह्ये कसं?"

धोंडीरामानं पाकीट उचलून हातात फिरवलं. मग त्यानं विचारलं, "इमानात तुज्या जोडीला कोन असतं?"

"कॅप्टन प्रियदर्शनी मॅडम. त्यांनीच मला शिकवलं."

"त्या काय म्हनल्या?"

"जा म्हणाल्या. पण नियमानं सहा महिने आधी सांगून जायचं असतं. नवी कंपनी म्हणते, तुम्ही लगेच या, ते आम्ही बघून घेऊ."

"त्ये न्हाई चालायचं! जा, लई मोठी हो. पन हंगाम अर्ध्यात टाकून जोडी मोडायची न्हाई."

"आणि ते सहा महिने थांबले नाहीत तर?"

"न्हाई थांबले तर तिसरी कंपनी येईल. इमान उडवनाऱ्या मानसाला काय तोटा हाय?"

हात धुऊन धोंडीरामानं कानस घेतली. कोयत्याला धार लावली, मुठीला तेल चोळलं आणि तो अंगदच्या घराकडे गेला. तिथं काय बोलणं झालं देव जाणे. आला तेव्हा हात रिकामा होता. वत्सलाबाईला एवढंच म्हणाला, "च्या केलता त्येनं. लई साखर घालतो बग."

नवी कंपनी जरा कुरकुरली, पण थांबली. त्यांनाही माणसं हवीच होती. वैष्णवीनं सहा महिने जुन्या कंपनीत काढले. मॅडमच्या शेजारी बसायला आरोही नावाची नवी मुलगी तयार झाली, तेव्हा कुठं ती मोकळी झाली. आता नव्या शहरात तिची खोली मोठी आहे, आणि ती मला न्यायला आली आहे.

आज सकाळीच अंगद आला होता. त्याचाही हंगाम संपला. काखेत फडक्यात गुंडाळलेला कोयता.

"ठेवून घ्या मुकादम, न्हेमीसारखा."

धोंडीरामाचा हात सवयीनं माझ्या झाकणाकडे गेला आणि मध्येच थांबला. "न्हाई रे. पेटी पोरीसंग चाललीय. अन् कोयता तुजा हाय, तुज्याच घरी ठिव."

"मंग दसऱ्याला..."

"दसऱ्याला तुला वाटलं तर ये. वाट बगीन म्या. पन अडवनार न्हाई."

अंगदनं कोयता भिंतीशी ठेवला. त्यानं माझी एक कडी धरली, धोंडीरामानं दुसरी, आणि दोघांनी मला उचलून जीपमध्ये ठेवलं. वत्सलाबाईनं चटणीचा डबा आत सारला. धोंडीरामानं किल्ली लेकीच्या हातात दिली आणि उपरण्यानं माझ्या झाकणावरची धूळ पुसली, स्वतःच्या नावावरून दोनदा हात फिरवला.

बरं, निघते मी. पोरी, माझ्यात तुझे कपडे ठेव, चटणी ठेव, हवं तर तुझं विमानाचं सगळं सामान ठेव. उद्या तू त्या विमानात डाव्या बाजूला कॅप्टन होऊन बसशील, तुझ्या हाताखालची एखादी पोरगी पाकीट घेऊन तुझ्यापुढं उभी राहील. तेव्हा तिचं काही माझ्यात कोंडून ठेवू नकोस, बाई. तिला चहा पाज, आणि जाऊ दे.