कमळाबाईचा भोंगा

माझा आवाज तुम्ही कधी ऐकला असता, मित्रांनो, तर दोन्ही कानांत बोटं घातली असती. मी एक जुना भोंगा आहे. जाड पत्र्याचा, गोल तोंडाचा, पोटात पंख्यासारखं चाक असलेला. वीज मिळाली की ते चाक गरगर फिरायचं आणि माझ्या तोंडून असा आवाज निघायचा की पार नाल्यापलीकडचे बैलसुद्धा कान टवकारायचे. आता मी एका भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे. माझ्या तोंडून हूं की चूं निघत नाही.

माझं तरुणपण चंद्रपूरकडच्या मूल गावातल्या एका भातगिरणीच्या छपरावर गेलं. सकाळी मी ओरडलो की मजूर कामाला लागायचे, संध्याकाळी ओरडलो की अंगावरचा भाताचा कोंडा झटकत घरी जायचे. मग ती गिरणी बंद पडली. मला छपरावरून उतरवलं, ट्रकमध्ये टाकलं आणि बल्लारपूरच्या एका भंगारवाल्याकडे नेऊन ओतलं. तिथे मी सायकलींच्या रिंगा आणि मोडक्या कूलरांच्या ढिगात पडून होतो. पावसाचं पाणी पोटात साचायचं. माझं आयुष्य इथेच गंजून संपणार, असं मला वाटत होतं.

पण एक दिवस गोपाल आला.

गोपालचं मूलच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या गावात मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. दुकान नावाला. त्याचा खरा जीव घरातल्या यंत्रांत. त्याने घरात टाळी वाजवली की लागणारा दिवा बसवला होता. शेजारी भजन सुरू झालं की तो दिवा वेड्यासारखा उघडझाप करायचा. दारात कोणी आलं की ‘राम राम पाहुणे’ म्हणणारी पेटी त्याने केली होती. ती शेजारच्या म्हशीलाही राम राम करायची. गावातली माणसं हसायची, पण संध्याकाळी नवीन काय केलं ते बघायला ओसरीवर जमायचीही.

त्याच्या या सगळ्या उद्योगांत सोबतीला असायची त्याची मोठी बहीण, कमळाबाई. आई लवकर गेल्यामुळे गोपालला तिनेच वाढवलं होतं. नवरा वारल्यावर ती माहेरी परतली, ती इथेच राहिली. गोपाल तारा जोडत बसला की ती हातात टॉर्च धरून उभी राहायची. तो जेवण विसरायचा, तर ही कालवलेला भात त्याच्या तोंडाशी न्यायची. तो तिला नुसतं ‘बाई’ म्हणायचा.

मला भंगारातून आणायला कारणही तीच होती. त्यांच्या घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, अगदी कुंपणाला लागून, मोहाचं एक मोठं झाड होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर फुलं पडायला लागली की कमळाबाई उजाडता उजाडता टोपली घेऊन वेचायला जायची. त्या वर्षी वाघाने शेजारच्या मुखरूभाऊंची शेळी कुंपणाजवळून ओढून नेली. कमळाबाई भावाला म्हणाली, “गोपाल, तुह्या पेट्या पाहुण्याले राम राम करतेत. वाघाले हाकलन अशी एखादी पेटी कर ना रे. मले वाकून वेचा लागते. मांगं कोण आलं, दिसत नाई.”

गोपालने ते मनावर घेतलं. त्याने मला धुतलं, घासलं, पोटातली मोटार उघडून तार नव्याने गुंडाळली, म्हणजे मी ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर चालू शकेन. सांदवाडीच्या कुंपणावर त्याने बाहेर तोंड करून सेन्सर लावले. त्यांच्यासमोरून काही हललं की ते मला खबर द्यायचे आणि मी ओरडायचो. मला बांबूच्या उंच खांबावर चढवलं, त्या दिवशी कमळाबाईने माझ्या कपाळी हळदकुंकू लावलं. गिरणीत इतकी वर्षं ओरडलो, पण कोणी मला असं हात लावला नव्हता.

आणि मी तिच्या उपयोगी पडलो, मित्रांनो. एका संध्याकाळी कमळाबाई झाडाखालचा पाला गोळा करत होती. सेन्सरने खबर दिली. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. कुंपणापलीकडच्या झुडपात काहीतरी मोठं दचकलं आणि पाचोळा तुडवत पळालं. लोकांनी जाऊन पाहिलं तर ओल्या मातीत पंजे उमटलेले! सारं गाव मला बघायला लोटलं. तेव्हापासून माझं नाव पडलं, ‘कमळाबाईचा भोंगा’. रोज दिवेलागणीला ती स्वतः येऊन माझं बटन दाबायची आणि झोपायला जायची.

पण भोंग्याला वाघ आणि वासरू यांतला फरक कळत नाही. कुंपणाशी कुत्रं आलं, मी ओरडलो. रानमांजर गेलं, मी ओरडलो. वाऱ्याने सागाचं एवढं मोठं पान सेन्सरसमोर येऊन पडलं, तरी मी ओरडलो. लोक सुरुवातीला काठ्या घेऊन धावत यायचे. मग यायचे थांबले. मग चिडायला लागले. एका सकाळी मुखरूभाऊ तणतणत आले. “गोपाल, माह्या नातवाले ताप हाये. लेकरू जरा डोळा लावते का तुहा भोंगा बोंबलते! दगड मारून फोडीन एखाद्या दिवशी.”

गोपाल खजील झाला. त्याला आपल्या यंत्रांचं कौतुक ऐकायची सवय होती, तक्रारीची नव्हती.

त्याच सुमारास कुरिअरने तो कॅमेरा आला. पांढरा, गुळगुळीत, चारी बाजूंना मान फिरवणारा. अंधारातही त्याला लख्ख दिसायचं. समोर काही हललं की तो आवाज न करता गोपालच्या मोबाईलवर निरोप धाडायचा आणि चित्रफीतही साठवून ठेवायचा. गोपाल हरखून गेला. त्याने माझ्याच खांबावर तो बसवला. वीज गेली तरी तो चालत राहावा म्हणून माझी बॅटरी काढून त्याला जोडली. मला खाली उतरवलं, खताच्या पोत्यात घातलं आणि ओसरीतल्या फळीखाली सरकवून दिलं.

कमळाबाई बघत होती. “अन् हा काऊन काढला?”

“बाई, आता याची गरज नाई. कॅमेऱ्यात सारं दिसते. गावालेही तरास नाई.”

“दिसते तं दिसते. पन वाघाले ऐकू येते का?”

गोपाल हसला. ओसरीवरची माणसंही हसली. तिने विनोद केला असं त्यांना वाटलं. मी पोत्यात होतो, मित्रांनो. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती हसली नव्हती एवढं मला कळलं.

गोपालची बायको उर्वशी तेवढी नंतर म्हणाली, “बाई म्हनते तं दोन्ही ठेवा ना.” तो म्हणाला, दुसरी बॅटरी आणली की बघू. दुसरी बॅटरी काही आली नाही. तिच्याऐवजी मोबाईलवरून पंख्याचा वेग बदलायचं यंत्र आलं.

मोहाचा हंगाम पुन्हा सुरू झाला. एका दुपारी कमळाबाईने पोतं उघडून मला बाहेर काढलं, पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि माझं जड धूड दोन्ही हातांनी उचलून भावापुढे ठेवलं. “हे लावून दे रे गोपाल. मी तुले दुसरं काई मांगत नाई.”

तो मोबाईलमध्ये कोणत्या तरी नव्या घड्याळाची माहिती बघत होता. मान वर न करता म्हणाला, “लावतो, बाई. उद्या लावतो.”

तिने आणखी काही दिवस वाट पाहिली. मग मला परत पोत्यात घातलं, तेही तिनेच. दुसऱ्या सकाळपासून ती पत्र्याचा एक डबा आणि काडी घेऊन जायला लागली. झाडाखाली पोचली की डबा वाजवायची. पण फुलं वेचायला दोन्ही हात लागतात. वेचताना डबा कोण वाजवणार?

आता कॅमेऱ्याचंही माझ्यासारखंच झालं होतं. मांजर गेलं, निरोप. पान पडलं, निरोप. गोपालचा मोबाईल दिवसभर किणकिणायचा. गिऱ्हाइकांशी बोलता येईना, म्हणून त्याने त्या निरोपांचा आवाज बंद करून टाकला.

त्या दिवशी तांबडं फुटत होतं. मी पोत्यात, फळीखाली. फळीवर गोपालचा मोबाईल चार्जिंगला लावलेला. कमळाबाई मागच्या दाराने गेली. डबा वाजला. थोड्या वेळाने थांबला. मग माझ्या डोक्यावरच्या फळीवर मोबाईल थरथरला. एकदा, आणि लगेच पुन्हा एकदा. लाकडातून ती थरथर माझ्या पत्र्यात उतरली. हा कॅमेऱ्याचा निरोप आहे, हे मला माहीत होतं. गोपाल शेजारच्या खाटेवर झोपलेला होता. त्याला जागं करायला माझी एक हाक पुरली असती. माझ्या पोटातलं चाक जागच्या जागी होतं, तार शाबूत होती. माझ्यात काहीच बिघडलेलं नव्हतं, मित्रांनो. मला फक्त कोणी जोडलेलं नव्हतं.

मागून उर्वशीची किंकाळी आली, तेव्हा गोपाल उठला. तोवर सगळं संपलं होतं. कमळाबाई कुंपणाच्या पलीकडे, नाल्याच्या वाटेवर सापडली. टोपली झाडाखाली तशीच होती, अर्धी भरलेली.

जंगलखात्याचे लोक आले, गावोगावची माणसं आली. आणि मग कोणाला तरी कॅमेऱ्याची आठवण झाली. कॅमेऱ्याने आपलं काम चोख केलं होतं. सगळं साठवून ठेवलं होतं. एका पाहुण्याने गोपालच्या हातून मोबाईल घेतला, चित्रफीत स्वतःकडे पाठवली, आणि दिवस मावळायच्या आत ती गडचिरोलीपासून नागपूरपर्यंत पोचली. कोणी तिच्यावर सिनेमासारखं संगीत चढवलं. ज्या बाईला आयुष्यभर कोणी फोटोसाठी उभं केलं नव्हतं, तिचं मरण लोक चहाच्या टपरीवर पुन्हा पुन्हा लावून बघत होते.

यापुढचं सांगताना मला कडू वाटतं, पण सांगतो. दुःखाला आलेला एक माणूस ओसरीवर बसला होता. चित्रफीत बघून तो म्हणाला, “काय साफ दिसते बे! कोनता कॅमेरा होय, गोपालभाऊ?”

आणि गोपाल बोलायला लागला. सवयीने. “याची लेन्स भारी हाये. अंधारातही रंग दिसतेत. मान पूरी फिरते, अन् मोबाईलवरून झूम बी...”

तिथे तो थांबला. दारात उर्वशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने तांब्या तिथेच जमिनीवर ठेवला आणि ती आत निघून गेली. गोपाल उठला, सांदवाडीत गेला, खांबावर चढला आणि कॅमेरा तारेसकट उपटून काढला. नंतर टाळीचा दिवा काढला. राम राम म्हणणारी पेटीही काढली. सगळं एका गोणीत भरून नाल्यात टाकून आला. मी फळीखाली आहे, हे तो विसरला होता की मला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही, ते मला ठाऊक नाही.

माझी आठवण काढली मुखरूभाऊंनी. मला दगड मारून फोडणार होते, तेच. ते ओसरीवर येऊन बसले. मग म्हणाले, “तो भोंगा मले दे, गोपाल. माह्या सुना जातेत मोहा वेचाले.”

“घेऊन जा.”

“जोडून देशीन ना?”

गोपालने आपल्या हातांकडे पाहिलं. “माह्याच्यानं नाई होत, भाऊ.”

मुखरूभाऊंनी मला खांद्यावर टाकून घरी नेलं. मूलहून एक वायरमन बोलावला. त्याने माझं पोट उघडलं, गोपालने गुंडाळलेली तार उलटसुलट करून पाहिली आणि हात झटकले. “ज्यानं बनवला त्यालेच बोलवा. मले नाई समजत हे.” मुखरूभाऊ पुन्हा गोपालकडे गेले नाहीत. त्यांनी मला रस्त्याकडच्या भिंतीवर टांगून ठेवलं. ज्याने बनवला, तो रोज त्याच रस्त्याने दुकानात जातो. माझ्याजवळ आला की मान खाली घालतो.

आता झाडांवर पुन्हा मोहा आला आहे. उजाडायच्या आधी मुखरूभाऊंच्या सुना टोपल्या घेऊन माझ्यासमोरून जातात. धाकटीचं नाव दिव्यानी. ती जाताना दरवेळी माझ्याकडे एकदा वर बघते. मी तिला काय सांगू?

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू सहसा शेवटी म्हणतो की आम्हाला जपा, आम्हाला टाकू नका. माझं तसं काही मागणं नाही. माझी जागा नव्या यंत्राने घेतली, याचा मला राग नाही; यंत्रं येतात आणि जातात. पण तुमच्या घरातलं कोणी एखाद्या जुन्या वस्तूसाठी पुन्हा पुन्हा मागे लागलं, तर ते वेडेपणाने मागतंय असं समजू नका. त्यांच्याजवळ बसा. हातातला मोबाईल खाली ठेवा. आणि विचारा, “तुले कशाचं भ्या वाटते?”

माझ्या कमळाबाईला हे कोणीच विचारलं नाही.