फ्लोरिडाची पर्ली

“मिस्टर स्टोल्ट्झ, आधी वर कोण जाणार? तुम्ही की पर्ली?”

कुंपणाआडून माझ्या मैत्रिणी जोलीन आणि ब्रिन मला डिवचत होत्या, ‘हिंमत असेल तर विचार!’ मी विचारलं. शेजारचे स्टोल्ट्झ खो खो हसले. “मीच जाणार, आगाऊ पोरी! म्हणून तर हिची काळजी.”

“मी सांभाळते की!” मी बोलून बसले.

सप्टेंबरात ते वृद्धाश्रमात गेले आणि पर्ली आमच्या परसात आली. डबीसारखं कवच मिटून घेणारं कासव, पाठीवर पिवळ्या रेघा. त्यांच्या बायकोने चाळीस वर्षांपूर्वी फ्लोरिडाहून आणलेलं. ती गेल्यावर घरात या दोघांचाच संसार. जाताना त्यांनी एकच बजावलं, “थंडी पडायच्या आत तळघरात ने हं. हिवाळाभर तिथेच झोपते ती.”

पण मी नुकतंच शाळेत कासवांच्या हिवाळी झोपेवर भाषण ठोकलं होतं. केवढ्या टाळ्या! आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या रानातली अशीच कासवं जमीन गोठत जाईल तशी खोल खोल शिरतात. मग हिलाच तळघरात का कोंडायचं? म्हाताऱ्या माणसांचं काहीतरीच!

पर्लीने जेमतेम पाठ झाकेल एवढंच उकरलं. मी वर पानं पसरली आणि निर्धास्त झाले. जानेवारीत तीन दिवस छान ऊन पडलं. रानातली कासवं अशा उन्हाला फसत नाहीत. फ्लोरिडाची उपजात मात्र ऊब लागली की वर येते. तिकडे हिवाळाच सौम्य, तेवढ्याने काही बिघडत नाही. हे सगळं मी नंतर वाचलं. चौथ्या दिवशी पारा कोसळला. शाळेला निघताना बघते तर पर्ली पानांवर, मान बाहेर. उचलली. दगड नुसता.

दर रविवारी आश्रमातून फोन येतो. “उठली का गं माझी पर्ली?”

“झोपलीय अजून.” तीन रविवार मी हेच सांगितलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “झोपू दे. तुझ्याकडे आहे म्हणून मलाही झोप लागते.”

फोन ठेवला आणि मी रडायलाच लागले.

“अगं, पिवळ्या रेघांचं दुसरं आणू,” बाबा म्हणाले. “त्यांना कुठे नीट दिसतंय!”

“या वयात कशाला धक्का द्यायचा?” आई म्हणाली.

“दुसरं नको. बाबा, गाडी काढा. मी आत्ता त्यांच्याकडे जाणार आहे. आणि पर्ली गेली एवढंच नाही, तळघराचंही सांगणार आहे.”