पेरूच्या पानांचा अर्क

अर्कात चांदीचा क्षार टाकला, की तो आधी पिवळा, मग मधासारखा आणि तासाभराने चहासारखा तपकिरी व्हायचा. म्हणजे पाण्यातले जंतू मारणारे चांदीचे सूक्ष्म कण तयार झाले. त्या दिवशी मात्र तो दहा मिनिटांतच काळवंडला.

संशोधक बाईंच्या मनात पाल चुकचुकली. विभागप्रमुख म्हणाले, "जंतू मेले ना? मग रंगाचं काय घेऊन बसलात?" जंतू खरोखर शून्य होते. कण वाळूवर चढवले, वाळू बारा फिल्टरांत भरली आणि फिल्टर चाचणीसाठी घरोघर गेले. त्यातला एक बाईंच्या धाकट्या बहिणीने हट्टाने आपल्या पाळणाघरात बसवून घेतला.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेतले मामा पानांची नवी गोणी घेऊन आले. बाईंच्या बोटाला करडी पूड लागली.

"मामा, ही पानं कुठली?"

"गेल्या खेपेला आणली तिथलीच. आपली झाडं छाटली ना! जुन्या बॅटऱ्या वितळवतात, त्या शेडमागे एक झाड आहे."

"धुतली होती?"

मामांनी मान खाली घातली. आपल्या बागेतली पानं कधी धुवावी लागली नव्हती.

बाईंनी फिल्टरचं पाणी तपासलं. पाण्यात शिसं उतरत होतं.

"दुसऱ्या प्रयोगशाळेकडून खात्री होऊ दे," प्रमुख म्हणाले. "तोवर बाहेर ब्र काढू नका."

बाई अंगातला पांढरा कोटही न काढता निघाल्या. पाळणाघरात मुलं पेले धरून रांगेत उभी होती.

"ताई, तू आत्ता कशी?" बहीण हसली. "तुझी भाची घरीसुद्धा हेच पाणी मागते बघ."

बाईंनी भाचीच्या हातातला पेला काढून घेतला. पोर रडायला लागली. बाईंनी सगळं सांगितलं, तेव्हा बहीण एवढंच म्हणाली, "तू तपासलं नव्हतंस?"

त्या संध्याकाळी बाई दारात उभ्या राहिल्या आणि न्यायला आलेल्या एकेका आईबापाला स्वतःच्या तोंडाने सांगत गेल्या. पुढे तपासण्या झाल्या. तीन मुलांच्या रक्तात शिसं निघालं. सगळ्यात जास्त भाचीच्या. "उतरेल," डॉक्टर म्हणाले, "पण मेंदूवर काय परिणाम झालाय, ते मूल मोठं होईल तसं कळेल." बहिणीने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि ताईकडे न बघता ती निघून गेली.

अकरा फिल्टर परत आले. बाराव्या घराला कुलूप होतं.

"ते गावाला गेले," शेजारीण म्हणाली. "सूनबाई बाळंत झालीये ना. तिकडचं पाणी वाईट, म्हणून फिल्टर सोबत नेलाय."

बाईंनी तिथेच जिन्यात बसून त्या घरच्यांना पुन्हा फोन लावला. तो लागत नव्हता.